काउलवरची भोकं

परवा मैदानावर एक पोरगा माझ्या रेडिओ कंट्रोल मॉडेल विमानापाशी उकिडवा बसून काउलच्या (नाकावरच्या झाकणाच्या) कडेला असलेल्या बारक्या भोकात करंगळी घालून बघत होता. आठवी-नववीतला असेल, फोमची विमानं उडवतो, हात चांगला आहे त्याचा. "ताई, हे भोक कशाला?" मी म्हटलं, हवा जायला. त्याचं समाधान झालं आणि तो उठून दुसऱ्या विमानाकडे गेलासुद्धा. माझं काही समाधान होईना. उत्तर खोटं नव्हतं, त्या भोकातून आज हवाच जाते, आणि मोटर थंड राहायला ती लागतेही. पण ते भोक कुणी हवेसाठी पाडलेलं नव्हतं. पुढे दोन दिवस तो प्रश्न डोक्यात फिरत राहिला, काही कारण नसताना.

ते भोक नीडलचं.

ज्यांनी ग्लो इंजिन, म्हणजे मॉडेलचं मेथॅनॉलवर चालणारं इंजिन, चालवलंय त्यांना हे सांगायला नको, की इंधन कमी-जास्त करणाऱ्या त्या एका सुईवर अख्खी सकाळ अवलंबून असायची. ग्लो प्लगला दीड व्होल्टचा सेल लावायचा, स्पिनरला स्टार्टर टेकवायचा, इंजिन खोकत-खाकरत एकदाचं सुरू झालं की सेल काढून घ्यायचा (प्लगमधली प्लॅटिनमच्या मिश्रधातूची कॉइल मेथॅनॉलच्या वाफेवर स्वतःच लाल राहते, मला ही गोष्ट अजूनही जादूसारखी वाटते), मग प्रॉपच्या (नाकावरच्या पंख्याच्या) मागे जाऊन थ्रॉटल पूर्ण उघडायचं आणि नीडल एकेक क्लिक आत घ्यायची. आधी आवाज जाडा, फडफडता, मफलरमधून भरपूर पांढरा धूर. मग कुठल्यातरी एका क्लिकला तो आवाज एकदम स्वच्छ होऊन वर चढतो आणि नवशिक्याला वाटतं की जमलं. तिथे थांबायचं नसतं. दोन-तीन क्लिक परत मागे यायचं, कारण हवेत वेग आला की प्रॉपवरचा भार कमी होतो, आरपीएम वाढतात, मिश्रण आणखी लीन होतं (हवा जास्त, इंधन कमी) आणि जमिनीवर झकास वाजणारं इंजिन वर गेल्यावर तापून बंद पडतं. शेवटची परीक्षा म्हणजे विमान उचलून नाक आभाळाकडे करायचं. आवाज किंचित वर गेला तर ठीक, बसायला लागला तर अजून थोडं रिच कर, म्हणजे इंधन वाढव. हे सगळं कानावर. मीटर नाही, दिवा नाही, काही नाही. आणि तोंडावर हातावर शर्टावर तेलाचे बारीक थेंब, कारण त्या इंधनात पाचवा हिस्सा तेलच असतं आणि ते जळत नाही, जसं आत जातं तसंच जवळपास बाहेर येतं.

एरंडेल घातलेल्या इंधनाचा तो जळका, गोडसर वास. तो कपड्यांतून दोन धुण्यांत जात नाही.

हे विमान मुळात काकांचं. काका म्हणजे माझे कुणी नाहीत, मैदानावर सगळेच त्यांना काका म्हणतात. मला नीडल लावायला त्यांनीच शिकवलं, आणि शिकवायची त्यांची पद्धत म्हणजे स्वतः पाठ करून उभं राहायचं आणि माझ्याकडे न बघता ओरडायचं, "अजून एक... अजून... आता मागे घे, मागे!" बघायची गरजच नसायची त्यांना. मग हळूहळू त्यांचे कान गेले. पूर्ण नाही, वरचे स्वर गेले. वय झालं की आधी उंच स्वरच जातात आणि लीन होत चाललेलं इंजिन नेमकं तिथेच, वरच्या पट्टीत कुरकुरत असतं. हवेत इंजिन बंद पडलेलं त्यांना कळायचं ते विमान खाली यायला लागल्यावर, आणि डेडस्टिकमध्ये, म्हणजे इंजिन बंद पडल्यावर उतरवताना, पहिले दोन-तीन सेकंदच तर कामाचे असतात. कुणी बाजूला उभं राहून "काका, बंद पडलं" म्हणून सांगायचं. हे त्यांना अजिबात आवडायचं नाही. एक दिवस त्यांनी हे लो-विंग विमान माझ्या गाडीत ठेवलं आणि म्हणाले, घेऊन जा, उडवणाऱ्याकडे असू दे.

मी ते काही महिने ग्लोवरच उडवलं. मग मैदानाच्या आजूबाजूला घरं वाढली, आवाजाबद्दल बोलणं सुरू झालं, चांगलं इंधन मिळवणं हे एक वेगळंच काम होऊन बसलं, आणि खरं सांगायचं तर मलाही दर वेळी अर्धा तास विमान पुसत बसायचा कंटाळा यायला लागला होता. म्हणून इलेक्ट्रिक. ठरवताना वाईट वाटलं, आणि वाईट वाटतंय याचं जरा कौतुकही वाटलं, हेही लिहून टाकते.

इंजिन काढायला चार बोल्ट. मफलरसकट अर्धा किलोचा तो गोळा, साडेसात सीसीचं, म्हणजे आपल्या भाषेत सेहेचाळीसचं (०.४६ घन इंचाचं) इंजिन, हातात आलं तेव्हा विमान एकदम शेपटीवर बसलं. मी इंजिन टेबलावर ठेवलं आणि सवयीने प्रॉप बोटाने फिरवून बघितला. कॉम्प्रेशनचा तो टप्पा अजून तसाच, बोटाला ढकलून मागे लावणारा. मोटरमध्ये असलं काही नाही. मोटर फिरवली की मॅग्नेटचे छोटे छोटे खटके लागतात, एकसारखे, त्यात कुठला एक क्षण दुसऱ्यापेक्षा महत्त्वाचा नसतो.

मग टाकी काढली आणि आत टॉर्च मारला. फायरवॉलला, म्हणजे इंजिन जिच्यावर बसतं त्या पुढच्या फळीला, तीन भोकं होती. एक टाकीतून कार्ब्युरेटरकडे जाणाऱ्या नळीचं, एक मफलरचं प्रेशर टाकीत आणणाऱ्या नळीचं, एक थ्रॉटलच्या रॉडचं. मागे सर्व्होच्या (रॉड हलवणाऱ्या छोट्या मोटरच्या) ट्रेमध्ये थ्रॉटल सर्व्होची चौकोनी खिडकी, आता रिकामी. काउलला नीडलचं भोक, सिलिंडरचं डोकं बाहेर यायची खाच, मफलरसाठी कापलेला अर्धचंद्र, ग्लो प्लगला सेल लावायची फट. फायरवॉल चांगला सहा मिलिमीटर प्लायचा, वर इपॉक्सीचा थर, कारण इंधन लाकडात मुरू नये. सर्व्हो रबरी ग्रोमेटवर बसवलेले, कारण इंजिन थरथरतं. प्रत्येक बोल्टला थ्रेडलॉक, कारण इंजिन थरथरतं. टाकी नीडलच्या लेव्हलला फोमवर बसवलेली, कारण त्या थरथरीने इंधनात फेस होतो. बघता बघता लक्षात आलं की हे विमान बांधणाऱ्याने अर्ध्याहून जास्त डोकं उडण्यासाठी नाही तर इंजिनापासून विमान वाचवण्यासाठी चालवलंय. आणि ते इंजिन तर आता टेबलावर पडलंय. म्हणजे आता त्या सगळ्या मजबुतीचं नुसतं वजन राहिलं.

तेलाचं मात्र वेगळं. ते लाकडात राहतंच. टाकीच्या खोलीतला बाल्सा नॉर्मल दिसत होता, पण बोट फिरवलं की बुळबुळीत. असल्या लाकडावर इपॉक्सी धरत नाही, वरून घट्ट वाटतं आणि नंतर अख्खा तुकडा साल निघाल्यासारखा सुटून येतो. आयसोप्रोपिलने पुसलं, वर कॉर्नस्टार्च दाबून ठेवलं, ते पिवळं झालं की झटकून परत ताजं. बरंच तेल निघालं, सगळं नाही. म्हणून बॅटरीचा ट्रे नुसत्या गोंदावर न ठेवता बोल्ट आणि ब्लाइंड नट घालून बसवला, अर्धा किलोची बॅटरी लूपमध्ये सुटली तर विमान संपलंच. काम करताना हाताला जो वास लागला तो ओळखीचा होता, आणि एवढं पुसूनही तो गेला नाही याचा मला आनंद झाला, चिडचिडही झाली.

गंमत अशी आहे की विमानातून सामान काढायची ही पहिली वेळ नाही. ग्लो प्लग यायच्या आधी मॉडेलची इंजिनंसुद्धा स्पार्कवर चालायची, आणि त्यासाठी विमानात इग्निशन कॉइल, कंडेन्सर आणि बॅटरी घेऊन उडावं लागायचं. १९४०च्या दशकाच्या शेवटी ग्लो प्लग बाजारात आला आणि लोकांनी आपल्या स्पार्कच्या विमानांमधून कॉइल आणि बॅटरी उपसून बाहेर फेकल्या. केवढं वजन वाचलं असेल! तेव्हाही कुणीतरी रिकाम्या खोबणीकडे बघून हळहळलं असणार, नक्कीच. आता बॅटरी परत आत आलीय, आणि या वेळी इंजिनालाच बाहेर काढून.

विजेवर विमान उडवायची कल्पना तरी कुठे नवी आहे. ३० जून १९५७ ला ब्रिटनमध्ये कर्नल टॅपलिन यांनी 'रेडिओ क्वीन' नावाचं रेडिओ कंट्रोल मॉडेल सिल्व्हर-झिंक बॅटरीवर उडवलं होतं. ऑक्टोबर १९७३ मध्ये ऑस्ट्रियात आत माणूस बसलेलं विमानसुद्धा निकेल-कॅडमियमवर वर गेलं, काही मिनिटांसाठी. अडत होतं ते बॅटरीच्या वजनावर. काकांनीही त्या काळात सात सेलचा पॅक आणि ब्रशची मोटर घालून एक ग्लायडर केलं होतं, त्याबद्दल ते एवढंच सांगतात की "वर जायचं, पण विचार करत करत जायचं."

आता हिशोब. इथे मला खरंच मजा आली, कारण ग्लोमध्ये हिशोब असा नसतोच, खोक्यावर लिहिलेलं असतं की सेहेचाळीसचं इंजिन, लावा आणि उडवा. इलेक्ट्रिकमध्ये आधी वजन धरायचं. माझं विमान अडीच किलोच्या आसपास. साध्यासुध्या उडण्याला किलोमागे दोनशे-सव्वादोनशे वॉट पुरतात, लूप-रोल दमात करायचे तर तीनशे. म्हणजे साडेसातशे धरू. चार सेलची लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी, भाराखाली चौदा व्होल्ट पकडले तर पन्नास-पंचावन्न अँपिअर. मग ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर) सत्तर-ऐंशीचा, काठावरचा घ्यायचाच नाही. मोटर आठशे केव्हीच्या जवळपास, म्हणजे भार नसताना व्होल्टमागे आठशे फेरे, आणि प्रॉप लावला की त्यातले वीसेक टक्के गेले म्हणून समजायचे. इंजिनावर अकरा बाय सहाचा (अकरा इंच व्यास, सहा इंच पिच) प्रॉप अकरा हजार आरपीएमने ओरडत फिरायचा, मोटरवर तेरा बाय साडेसहाचा नऊ हजारांच्या आसपास फिरतो आणि विमान त्याच दमात ओढतो. मोठा प्रॉप, हळू फिरणारा, जास्त हवा पकडणारा. फक्त चाकांची उंची मोजून घ्यावी लागली, ग्लोच्या अकरा इंची प्रॉपसाठी केलेल्या लँडिंग गिअरवर तेरा इंची प्रॉप गवत कापत जातो.

आणि हे सगळं कागदावर जमलं तरी वॉटमीटर लावल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही.

इंधनाच्या हिशोबाने मात्र मला थोडा वेळ गप्प केलं. टाकीत तीनशे मिलीच्या आसपास इंधन बसायचं, अडीचशे ग्रॅम धरा. त्यातलं तेल वगळून नुसत्या मेथॅनॉलची ऊर्जा काढली तर ती माझ्या पाच हजार एमएएचच्या पॅकच्या दहा-बारापट तरी भरते. दहा-बारापट! आणि दोघांवर उडणं होतं साधारण तेवढंच, सातआठ-दहा मिनिटं. बाकी सगळं कुठे जात होतं? आवाजात, उष्णतेत, त्या पांढऱ्या धुरात, न जळताच मफलरमधून. जे आपल्याला इंजिनाचं व्यक्तिमत्त्व वाटत होतं त्यातलं बरंचसं म्हणजे गळती होती. हे कळल्यावर माझं इंजिनावरचं प्रेम कमी व्हायला हवं होतं. झालं नाही.

मोटर फायरवॉलपासून स्टँडऑफवर (खुंट्यांवर) पुढे आणली, म्हणजे प्रॉप जुन्या जागीच आला. जुन्या इंजिनाला उजवीकडे आणि खाली जो किंचित तिरपेपणा दिलेला होता तो वॉशर घालून तसाच ठेवला, त्याचं कारण मोटर आली म्हणून बदलत नाही. पहिल्यांदा फिरवली तेव्हा उलटी फिरली, मग तीनातल्या कुठल्याही दोन वायरी आपसात बदलल्या, झालं. इंजिनात काही बिघडलं की त्याची चौकशी तासभर चालायची, इथे दहा सेकंदांत विषय संपतो, जरा अपमानच वाटतो. काउलच्या सगळ्या जुन्या भोकांमधली काही बुजवली. मफलरचा अर्धचंद्र ठेवला, कारण गरम हवा बाहेर पडायला आत येण्याच्या वाटेपेक्षा मोठी वाट लागते, आणि नीडलचं भोक ठेवलं. ते बुजवायला काही अडचण नव्हती. नाही बुजवलं, झालं.

एक गोष्ट मी नव्या लोकांना फार कळकळीने सांगते. ग्लो इंजिन चालू आहे हे मैलभर कळतं. मोटर चालू आहे की नाही हे कळतच नाही. बॅटरी जोडली, ईएससीने बीप-बीप करून सेल मोजले की त्या क्षणापासून समोर तेरा इंची पातं तयार उभं असतं, शांत, स्टिकला चुकून शर्टाची बाही लागायची वाट बघत. टेबलावर काम करताना प्रॉप काढूनच ठेवायचा, मैदानात थ्रॉटल कटचा स्विच, आणि बॅटरी जोडताना हात प्रॉपच्या मागे. इंजिन ओरडून भीती घालायचं, मोटर काहीच बोलत नाही. दोघांत धोकादायक कोण यावर माझं मत मोटरच्या विरुद्ध आहे.

उडाल्यावर काय वाटलं ते नीट सांगता येणार नाही. थ्रॉटल दिला आणि ते पळायलाच लागलं, वॉर्म-अप नाही, घशात काही अडकल्यासारखं नाही. वर गेल्यावर ऐकू येतो तो फक्त प्रॉपचा आणि पंखांवरून जाणाऱ्या हवेचा आवाज, आणि त्यात असंही काही ऐकू आलं जे या विमानाबद्दल मला आधी माहीतच नव्हतं. उतरताना कव्हरिंगची एक सैल कडा फडफडते. ती कधीपासून फडफडत असेल कोण जाणे, इंजिनाच्या आवाजात दबलेली. लँडिंग वेगळं झालं. ग्लोमध्ये टाकी रिकामी होत आली की विमान पाव किलो हलकं व्हायचं, नाकही थोडं हलकं, आणि आयडलवर प्रॉप थोडाफार ओढत राहायचा. बॅटरीचं वजन उतरेपर्यंत तेवढंच, म्हणून सीजी (गुरुत्वमध्य) हलत नाही हे चांगलं, पण विमान जरा जोरात येतं. आणि फसलं तर थ्रॉटल देऊन परत वर जायचं, मोटर मेली असेल का हा प्रश्न डोक्यात येतच नाही. ग्लोच्या दिवसांत प्रत्येक लँडिंग हे शेवटचं असू शकतं असं धरूनच करायचो आम्ही. त्याने हात सुधारला हे खरं, पण त्याने किती विमानं मोडली हेही खरं.

कटकट दुसरीकडे गेली, एवढंच. आता कटकट आदल्या रात्री असते. लायपो सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट, आणि तसा भरलेला ठेवून दिला की आतून खराब होत जातो, फुगतो. ठेवायचा तर ३.८च्या आसपास. म्हणजे उद्या उडवायचं ठरवून रात्री पॅक भरायचे, फायरप्रूफ बॅगमध्ये, शेजारी बसून, आणि सकाळी वारा सुटला की संध्याकाळी तेच पॅक परत उतरवत बसायचं. इंधनाच्या डब्याचं झाकण घट्ट लावलं की विषय संपायचा. वाऱ्याचा अंदाज मी आता पूर्वीपेक्षा फार बारकाईने बघते, आणि यात विमानावरच्या प्रेमाचा भाग कमी, बॅटरीच्या धास्तीचा जास्त.

काकांना दाखवायचं मी लांबणीवर टाकत होते. त्यांचं इंजिन मी स्वच्छ करून, बेअरिंगमध्ये तेल सोडून (मेथॅनॉल हवेतलं पाणी ओढतं, बेअरिंग गंजतात), फडक्यात गुंडाळून बरोबर नेलं होतं, वाटलं की विमानाच्या नाकात मोटर बघून त्यांना वाईट वाटेल, तेव्हा निदान हे हातात देता येईल. काकांनी विमान पंखांखाली दोन बोटांवर उचलून सीजी बघितला, मग उलटं करून पोटावरून हात फिरवला आणि म्हणाले, "कोरडं आहे गं!" एवढं मनापासून म्हणाले की मला काही सुचेना. इतकी वर्षं तेल पुसलंय, पुरे झालं, म्हणाले. फडक्याकडे त्यांनी बघितलंही नाही.

ट्रान्समीटर मी त्यांच्या हातात दिला. टायमर संपला की तो हातात थरथरतो असं लावून ठेवलं होतं, बीपचा उपयोग नव्हता. त्यांनी टेकऑफ केला, एक लांब वळण घेतलं, एक सुस्त रोल मारला. मी सवयीने कान देऊन उभी होते, काही बिघडलं तर सांगायला. त्यांनी माझ्याकडे न बघताच विचारलं, "काय ऐकतेयस? आता तुला तरी कुठे काही ऐकू येतंय?" आणि हसले. सांगायचं राहिलं नव्हतंच काही. मी बाजूला होऊन सावलीत जाऊन बसले, त्यांनी टायमर थरथरेपर्यंत उडवलं आणि अगदी पायाशी आणून उतरवलं.

त्या पोराला खरं तर हे सगळं सांगता आलं असतं. पण त्याला फक्त भोकाबद्दल विचारायचं होतं.

आता नवीन भानगड अशी झालीय की काकांनी घरी एक बायप्लेन ठेवलंय, सत्तरचं फोर-स्ट्रोक लावलेलं. त्याचा आवाज मला फार आवडतो, आयडलवर ते टकटक-टकटक असं सावकाश बोलतं, टू-स्ट्रोकसारखं किंचाळत नाही. मैदानावर कुणाची हरकत असेल तर ती टू-स्ट्रोकवर, याच्यावर नसते. काकांना त्यात मोटर घालायचीय. मी म्हटलं, काका, ते राहू दे ना, त्याचा आवाज काय सुंदर आहे. तर म्हणाले, मला कुठे येतोय तो, तुला पाहिजे तर रेकॉर्ड करून ठेव. यावर मी काय बोलणार. मी अडचणी काढून बघितल्या, त्याही खऱ्या आहेत. बायप्लेनचं नाक आखूड, जड इंजिन काढलं की ते शेपटीवर बसणार, बॅटरी अगदी फायरवॉलला चिकटवून उभी ठेवावी लागेल आणि तरीही पुढे शिसं लागेलच बहुतेक, शिवाय वरच्या पंखाखालून बॅटरी बदलायला हात जात नाही, म्हणजे नाकावर झाकण कापायचं. काकांनी सगळं ऐकून घेतलं, निदान ऐकून घेतल्यासारखं केलं, आणि झाकण कुठे कापायचं तिथे पेन्सिलीने रेघ मारली. रविवारी येताना वॉटमीटर घेऊन ये म्हणालेत.